पाच बोटं पाण्याचा दाब

स्वतःच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खताच्या गोण्यांवर बसून शेतात जाण्याची वेळ चुडामणवर आली, त्याला आता दोन महिने होत होते. पुढे सीटवर कडू असे. कडू हा शेजारचा चाळिशीचा गृहस्थ. स्वभावाने सज्जन, मदतीला तत्पर, पण गिअर टाकताना तो असा काही आवाज काढी की मागे बसलेल्या चुडामणच्या दाढा आपोआप आवळल्या जात.

"कडू, क्लच पुरा दाब!"

"दाबून राहिलो ना भाऊ. तुमच्या ट्रॅक्टरलेच ऐकू कमी येते."

यावर देडतलाईच्या रस्त्याने जाणारे-येणारे हसत. चुडामण मिशीवरून हात फिरवी आणि दुसरीकडे पाही.

दोन महिन्यांपूर्वी, भर सकाळी, सरळ रस्त्यावर चुडामणला ट्रॅक्टर चालवताना झोप लागली होती. ट्रॅक्टर रस्ता सोडून शांतपणे गावातल्याच उखर्डूच्या केळीत शिरला आणि घडांनी लगडलेली एक ओळ आडवी करून थांबला. त्या वेळी ट्रॉलीत त्याची बायको, मालूबाई, होती. ती ओरडली नव्हती. ट्रॉलीच्या फळीवर थापा मारीत ती फक्त, "अहो, उठा! उठा ना!" असं म्हणत राहिली, जणू चहा निवत होता. तिचं मनगट मुरगळलं. आणि त्या दिवसापासून उखर्डूने चुडामणशी बोलणं टाकलं.

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. झोपेत त्याचा घसा आतून मिटत होता, श्वास अडत होता आणि त्यामुळे रात्रभर अंथरुणावर पडूनही त्याला झोप अशी मिळतच नव्हती. उपाय म्हणून हवेचं यंत्र मिळालं. रात्री नाका-तोंडावर मास्क बांधायचा. यंत्र मंद दाबाने हवा सोडत राहतं आणि घसा मिटू देत नाही. मात्र हा दाब प्रत्येकाचा वेगळा. तो नेमका सापडून यंत्राचा अहवाल चांगला येईपर्यंत ट्रॅक्टर चालवायचा नाही, असं डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं. मालूबाईने त्या वाक्याचा कायदा केला.

होळीनंतर केळीची कापणी सुरू व्हायची होती. त्याच्या आत आपल्या सीटवर बसायचं, एवढीच चुडामणची इच्छा होती. मालूबाईची इच्छा त्याहून साधी होती. गेली दोन वर्षं ती नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून झोपत असे, आणि छाती थांबली की त्याला हलवत असे. याला झोपणं म्हणावं की राखण करणं, हे तिचं तिलाच ठाऊक.

यंत्र लावून देण्याचं काम बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या दवाखान्यातील उषा नावाच्या तंत्रज्ञ मुलीकडे होतं. तिने मास्क कसा बांधायचा ते दाखवलं, यंत्राची दोन बटणं एकत्र दाबून आतली सेटिंग उघडली, आकडे भरले आणि म्हणाली, "अंकल, एक हफ्ता मशीन स्वतःच प्रेशर शोधेल. मग रिपोर्ट पाहून आपण एक फिक्स करू. तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त झोपायचं."

चुडामणने सगळं लक्षपूर्वक ऐकलं. त्याहून लक्षपूर्वक त्याने ती दोन बटणं पाहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"अंकल, स्क्रीनवर प्रेशर किती दाखवलं होतं?"

चुडामण तेव्हा शेतात, ठिबकच्या फिल्टरजवळ उभा होता. 'प्रेशर' हा शब्द कानी पडताच त्याची नजर सवयीने समोरच्या, पाण्याचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे गेली. "दीड किलो," तो म्हणाला.

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अंकल, दीड किलोने तुम्ही छतावर जाऊन पोचाल. मी मशीनचं विचारून राहिले."

मग तिने शांतपणे समजावलं. यंत्रातला दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. दहाचा दाब म्हणजे नळीतलं पाणी दहा सेंटिमीटर वर उचलेल, इतकाच दाब. चुडामणने फोन खांद्यात धरला, डाव्या हाताची बोटं उजव्या तळहातावर आडवी ठेवून अंदाज घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजे पाच बोटं पाणी?"

"हां, साधारण तेवढंच."

इतक्या वर्षांच्या केळीच्या शेतीत चुडामणने दाबाचा एकच धर्म पाळला होता: शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसेल, तर दाब वाढवायचा. आणि इथे त्याच्यासारख्या भरदार देहाच्या माणसासाठी दवाखान्याने पाच बोटं पाण्याचा दाब योजला होता! हा आकडा त्याला उपचारापेक्षा अपमानच अधिक वाटला. त्यातून मास्कच्या दोन्ही कडांतून फुस्स-फुस्स हवा निसटत होती, श्वास अजून अडतच होता, हे मालूबाईचं सकाळचंच गाऱ्हाणं होतं. म्हणजे हवा शेवटपर्यंत पोचत नव्हती. निदान उघड होतं. त्याने पट्टे गालात रुतेपर्यंत आवळले, दोन्ही बटणं एकत्र दाबली आणि कमीत कमी दाबाचा आकडा पाचावरून सोळावर नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा त्याचं पोट ढोलासारखं ताणलं होतं. न्याहारीच्या वेळी त्याला एकामागून एक ढेकर येऊ लागले. ओट्यावर बसलेले त्याचे वडील, सुकलाल आबा, कौतुकाने ऐकत होते. आबांचं वय शहाऐंशी. दात गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"काय जेवला रे रात्री?"

"काही नाही आबा. भाकर आणि शेवभाजी."

"मग हे काय व्हय? पंगत उठल्यावानी वाजून राहिला."

"हवा आहे," मालूबाई आतून म्हणाली. "दवाखान्यातली हवा. तुमच्या लेकानं नाकानं घ्यायची ती पोटात भरून घेतली."

"चांगलं हाय," आबा म्हणाले. "ट्रॅक्टरच्या टायरले कामी येईन."

आठवडा संपल्यावर दोघं पुन्हा लालबागला गेली. उषाने यंत्रातलं कार्ड संगणकात घातलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

"सेटिंग कोणी छेडली?"

चुडामण भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं वाचन करू लागला. मालूबाईने मुरगळलेल्या मनगटाच्या हातानेच त्याच्याकडे बोट दाखवलं.

उषा रागावली नाही. तिने आकडा पूर्ववत केला आणि म्हणाली, "अंकल, ठिबकची नळी फुटली असेल आणि तुम्ही मोटर वाढवली, तर काय होईल?"

"पाणी फुटीतूनच जाईन."

"बस्. तेच झालं. हवा पूर्ण लीक होऊन राहिली. असं लीक असलं की मशीनला तुमचा श्वास कळतच नाही, मग ती प्रेशर शोधणार कशी? हा रिपोर्ट काही कामाचा नाही." तिने मास्क त्याच्या चेहऱ्यावर बसवला, यंत्र सुरू केलं आणि मास्कच्या कडेने बोट फिरवलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना तिचं बोट थांबलं. तिथे चुडामणची मिशी होती.

ही मिशी साधी नव्हती. ती ओठावरून निघून गालांवर पसरे आणि शेवटी किंचित खाली वळे. मास्कची मऊ कड नेमकी तिच्यावरूनच जात होती.

"मिशी काढावी लागेल," उषा म्हणाली.

चुडामणने मास्क काढला.

"वडील आहेत," तो म्हणाला.

उषा बुऱ्हाणपूरचीच, तिला याहून अधिक सांगावं लागलं नाही. बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप ओट्यावर बसलेला असताना मिशी उतरवणं म्हणजे त्याच्या नावाने आधीच पाणी सोडणं. तिने दुसरे मार्ग शोधले. फक्त नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क लावून पाहिला; पण झोपेत चुडामणचं तोंड उघडतं आणि सगळी हवा तिथून जाते, हे मालूबाईने लगेच सांगितलं. "मग बारीक कापून पाहायची का?" मालूबाईने विचारलं. खुंट राहिले तर फटही राहील, उषा म्हणाली. चुडामणने ठिबकच्या जोडाला लावतात तसली रबरी चकती मिशीखाली बसवण्याचा प्रस्ताव मांडला. तो तिने विनयाने पण ठामपणे फेटाळला.

"अंकल, मी जबरदस्ती नाही करत. पण जोपर्यंत फट आहे, तोपर्यंत प्रेशर सापडणार नाही. आणि प्रेशर सापडल्याबिगर डॉक्टर साहेब गाडीची परवानगी देणार नाहीत."

घरी आल्यावर मालूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओट्याच्या कडेला उभी राहून सासऱ्यांना सगळं सांगितलं. सांगताना ती मिशी हा शब्द टाळत होती. "ते ओठावरचं" असं म्हणत होती. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग काढ ना रे. त्यात काय?"

"आबा, लोक काय म्हणतीन?"

"काय म्हणतीन? सुकलाल मेला म्हणतीन. मी इथं बसून सांगीन, नाही मेलो म्हणून. मले दुसरं काम काय हाय?"

"अभद्र दिसतं."

"अन् झोपेत तुहा श्वास बंद होऊन मी तुले खांदा देईन, ते भद्र दिसन?"

हे मात्र त्यांनी थट्टेने म्हटलं नव्हतं. मालूबाई पटकन आत गेली. चुडामण ओट्याच्या पायरीवर बसला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याने मिशीला हात लावला नाही.

सकाळी गोटू न्हाव्याला बोलावणं गेलं. गोटूने हकिकत ऐकली आणि पेटी मिटून घेतली. "नाई होणार, दादा. बाप जिता असता मी मिशीले वस्तरा लावणार नाई. उद्या आबांले कमी-जास्त झालं, तर गाव माह्या नावानं खडे फोडीन."

आबांनी काठी टेकत आपली खुर्ची चुडामणच्या समोर आणवली आणि तीत ताठ बसले.

"गोटू, मी इथं बसतो. तू माह्याकडं पाहत-पाहत काप. मी मेलो की थांब."

गोटूने खरोखरच तसं केलं. वस्तऱ्याच्या दर फटक्यानंतर तो मान वळवून आबांकडे पाही. आबा मान हलवून आपण हयात असल्याची ग्वाही देत. डावी बाजू उतरली तेव्हा आबांनी मुद्दाम डोळे मिटले. गोटूच्या हातातला वस्तरा पडता-पडता राहिला.

"डुलकी होती," आबा म्हणाले. "आमच्या घरात चालते."

काम झाल्यावर मालूबाई हातात टॉवेल घेऊन आली आणि जागच्या जागी उभी राहिली. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तिने प्रथम ती मिशीच पाहिली होती. आता मिशीमागचा माणूस दिसत होता: पातळ, किंचित थरथरता वरचा ओठ असलेला, शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखा.

"पाहून काय राहिली?" चुडामण ओशाळून म्हणाला.

"काही नाही. तुमचा चेहरा इतका साधा आहे हे ठाऊक असतं, तर मी सुरुवातीची दहा वर्षं भ्यायले नसते."

त्याच दिवशी मास्क नव्याने बसवून घेण्यासाठी चुडामण एकटाच बुऱ्हाणपूरला गेला. उषाने पट्टे उलट सैल केले, यंत्र सुरू केलं, कडेने बोट फिरवलं. कुठेच हवा नव्हती. चुडामणला इतका आनंद झाला की बसला अवकाश असल्यामुळे तो मालूबाईसाठी बांगड्या पाहायला बुधवाऱ्याच्या बाजारात गेला. तिथे दुकानासमोर त्याची गाठ उखर्डूशी पडली.

दोन महिने न बोललेला उखर्डू त्याला पाहून थबकला. त्याची नजर चुडामणच्या उघड्या ओठावर गेली आणि तिथेच राहिली. मग तो पुढे आला आणि त्याने चुडामणचे दोन्ही हात हातांत घेतले.

"कधी?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

राग गेलेला पाहून चुडामण सुखावला. "आज सकाळीच," तो म्हणाला.

"फार तरास झाला?"

"नाही हो. दोन मिनिटांचं काम. खुर्चीत बसल्या-बसल्या."

"भाग्याचं!" उखर्डूने उपरण्याने डोळे पुसले. "जवळ कोन होतं?"

"आबा होते ना समोर. आणि गोटू. त्यानंच तर केलं सगळं."

उखर्डूने 'आबा होते ना' याचा आपल्या परीने अर्थ लावला. होते, आता नाहीत. त्याने चुडामणच्या पाठीवरून हात फिरवला. "घर सुनं-सुनं वाटीन आता."

"सवय व्हायला वेळ लागेल," चुडामण प्रामाणिकपणे म्हणाला. "सकाळपासून दहादा हात वर जातो, अन् रिकामा परत येतो."

"असंच होते, बाप्पा. असंच होते." उखर्डूने उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. "आठवण हाय मले त्यांची. मी पुढं होतो, चारजणांले कळवतो. तू सावकाश ये."

कोणाला काय कळवणार, हे चुडामणला बस बरीच पुढे गेल्यावर उमगलं. तो जागेवरून अर्धा उठला, पुन्हा बसला आणि शेजारच्या प्रवाशाला उगीचच म्हणाला, "माझे वडील जिवंत आहेत." प्रवाशाने सरकून घेतलं.

तो घरी पोचला तेव्हा अंगणात वीसएक माणसं होती. बहुतेकांच्या डोक्यावर टोप्या, खांद्यावर उपरणी. कोणी बांबू उतरवून ठेवले होते. आणि ओट्यावर, भिंतीला टेकून, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले सुकलाल आबा आल्या-गेल्याचं स्वागत करीत होते.

"या, या. बसा. चहा येऊन राहिला. कोणाले दोन शब्द बोलायचे असतील तर बोलून घ्या. मी ऐकतो."

सर्वांच्या मध्ये उखर्डू मान खाली घालून उभा होता.

"उखर्डू," आबा म्हणाले, "तू वाटेत माह्याबद्दल लई चांगलं बोलला म्हणतात. पुन्हा एकदा सांग. कडूले नीट ऐकू आलं नाही."

"काका, माफ करा. मिशी नाही दिसली अन्..."

"माफ कायले? माह्या पाठीमागं लोक काय बोलतीन याची मले कधीपासून उत्सुकता होती. तुह्या केळीची ओळ गेली ना रे, तरी तू पहिला आला." आबांचा आवाज क्षणभर बदलला. "बस. चहा घेतल्याबिगर जाऊ नको."

लोक आधी दबकत, मग मोकळेपणाने हसले. मालूबाईने दोनदा आधण चढवलं. बांबू पुढे केळीच्या घडांना टेकू द्यायला उपयोगी पडतील, असं ठरवून ते मागच्या भिंतीला उभे केले. उखर्डू जाताना चुडामणपाशी थांबला. "तू म्हणाला, 'आबा होते ना.' मराठी धड बोलत जा रे!" एवढं बोलून तो गेला, पण तो बोलला होता, हे चुडामणला पुरेसं होतं.

होळीच्या आधी उषाने पुन्हा कार्ड संगणकात घातलं. या वेळी पडद्यावरच्या रेघा सपाट आणि शहाण्या होत्या. गळती नव्हती, श्वासाचे खंड अगदी मोजके उरले होते. तिने दाब कायम केला: साडेनऊ.

"म्हंजे पाच बोटंपण नाही," चुडामण हळूच म्हणाला.

"साडेचार समजा." उषाने हसू दाबलं आणि मालूबाईकडे वळून विचारलं, "काकू, रात्री कसं वाटतं? घोरणं, मध्येच थांबणं, काही?"

"मला काय विचारता?" मालूबाई म्हणाली. "मी झोपले होते."

उषाने हेही अहवालात लिहून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी चुडामणला दिवसा झोप येते का, टीव्ही पाहताना, बसमध्ये, जेवणानंतर, असे बारकाईने प्रश्न विचारले. मग त्यांनी परवानगी दिली, पण यंत्र एकही रात्र चुकवायचं नाही या अटीवर. दारातून चुडामण परत वळला.

"साहेब, आता दाब सापडला. मंग मिशी वाढवली तर?"

उत्तर डॉक्टरांच्या आधी मालूबाईने दिलं, आणि ते एका नजरेचं होतं.

कापणीच्या पहिल्या दिवशी चुडामण गुळगुळीत ओठाने ट्रॅक्टरच्या सीटवर चढला. त्याने क्लच पूर्ण दाबून दाखवला. कडू मागे ट्रॉलीत उभा राहून म्हणाला, "भाऊ, आवाजच येऊन नाही राहिला. चालू हाय ना?" मालूबाई ट्रॉलीत चढली, फळीला पाठ लावून बसली आणि तिने पदराने ऊन अडवलं. ओट्यावर आबा विचारात पडले होते.

"चुडामण, थांब जरा. एक गोष्ट राहिली."

"काय आबा?"

"तू आता रोज दाढी करशीन. ओठ असाच राहीन. मंग उद्या मी खरंच गेलो, तर लोकांले कळन कसं?"

ट्रॉलीतून मालूबाई म्हणाली, "तेव्हा उतरवायला डोक्याचे केस आहेत की, आबा."

आबांनी डोळ्यांवर हात धरून मुलाच्या डोक्याकडे नीट पाहिलं. सकाळचं ऊन त्याच्या टाळूवर बऱ्यापैकी चमकत होतं.

"मंग मले घाई करा लागन," ते म्हणाले.

"काही घाई नाही," चुडामण म्हणाला, आणि त्याने गिअर टाकला.